लहान दाराची माणसं

मैदानाच्या पूर्वेकडच्या भिंतीत चार रहाट होते आणि एक लहान दार. रहाट हे आमच्याकडच्या लोकांनी दिलेलं नाव. कमरेइतका उंच लोखंडी खांब, त्याला चार आडवे दांडे. माणूस दांडा ढकलून आत गेला की खांब पाव फेरा फिरतो आणि वर काचेमागचा आकडा एकाने वाढतो. दांडा आणि कठडा यांच्यामधून अंग काढायला जागा अडतीस सेंटिमीटर. लहान दार साधं, पत्र्याचं, हिरवं, एका कडीचं. रुंदी एक्याऐंशी सेंटिमीटर. त्याला आकडा नाही. बाकीच्या तीन बाजूंना कालवा, गोदामाची भिंत आणि घरांच्या पाठी, त्यामुळे क्लबचा फुटबॉलचा सामना बघायला येणारा प्रत्येक माणूस या पाचांपैकी एकातूनच आत यायचा. आत बाकांवर सहा हजार शंभर जागा. त्यातल्या दोनशे बारा जागांची फळी तुटलेली.

हे सगळं मी नंतर फीत घेऊन मोजलं. त्याआधी कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. ती पाचही दारं बाबांची होती, आणि घरातल्या वस्तूंना कोणी फीत लावत नाही.

बाबा आठवडाभर पंप दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर आणि सामन्याच्या दिवशी दारवाले. सव्वीस वर्षं. सामन्याच्या तीन तास आधी जाऊन ते चारही रहाटांत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडायचे, काचेमागचे आकडे वहीत उतरवायचे, आणि खेळ सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी पुन्हा उतरवायचे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की त्या दिवशीची माणसं. वहीतले रकाने असे: तारीख, समोरचा संघ, रहाट एक ते चार, एकूण, शेरा. शेऱ्यात ‘रहाट दोन अडकला, माणसं तीनवर पाठवली’, ‘एक कुत्रं दांड्याखालून गेलं, आकडा फिरला नाही’ अशा नोंदी. मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथे रोज नोंदवह्या बघते. बाबांच्या वहीइतकी स्वच्छ वही क्वचित येते. एकदा क्लबच्या जुन्या व्यवस्थापकाने त्यांना सुचवलं होतं, “दारवाले, दोन-अडीचशे वाढवून लिहीत चला हो. पेपरात बरं दिसतं.” बाबा म्हणाले होते, “मग तुम्हीच उभे राहा दारावर.” तो विषय तिथेच संपला.

क्लबचे म्हातारे मालक रंगाचे कारखानदार होते. ते गेल्या हिवाळ्यात वारले. मुलांना ना रंगात रस ना फुटबॉलमध्ये. दोन महिन्यांत बातमी आली की क्लब एका कंपनीला विकला, आणि त्या कंपनीचे आणखी चार क्लब आहेत.

मैदानासमोर न्हाव्याचं दुकान आहे. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि एक बाक. बाकावर बसलेला माणूस केस कापायलाच आला असेल असं नाही. बातमी आली त्या आठवड्यात मी बाबांबरोबर तिथे गेले, तर बसायला जागा नव्हती.

“माझं ऐका,” न्हावीकाका कात्री हवेतच चालवत म्हणाले. “चारही क्लब वरच्या गटात चढवलेत त्यांनी. गवत बदलतील, दिवे लावतील. आणि तो आपला पुढचा खेळाडू, समोर मोकळा गोल दिसला की नव्या नवरीसारखा लाजतो, त्याला आधी घरी पाठवतील.”

“नव्याचे नऊ दिवस,” बाकावरून आवाज आला. हा बसचालक. कोणीही आशेने काही बोललं की हा थांबवतो, म्हणून त्याला सगळे ब्रेक म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. “म्हातारा निदान सामन्याला यायचा. रांगेत उभा राहायचा. दगडापेक्षा वीट मऊ. हे लोक क्लब घेतात ते टीव्हीवर बघून.”

“तुझी बस वेळेवर सोड, मग जगाचं सांग.”

“मला छप्पर हवंय,” टपालआजोबा म्हणाले. ते निवृत्त पोस्टमन, वय एकोणऐंशी, डावा गुडघा वाकत नाही. “दुसऱ्या रांगेवर गळतं. मालक कोणी का असेना, एक पत्रा टाका म्हणावं.”

“आजोबा, तुम्ही तिसऱ्या रांगेत का नाही बसत?”

“चाळीस वर्षं दुसऱ्यात बसतोय. पाऊस आत्ता आलाय.”

सगळे हसले. मग न्हावीकाकांनी बाबांना विचारलं, “दारवाले, तुम्हाला काय हवंय नव्या मालकाकडून?”

बाबांनी विचार केला. “तेल देतील का ते विचारायचंय. आत्तापर्यंत घरचंच वापरतोय.”

कंपनीची सभा प्रेक्षकगॅलरीखालच्या खोलीत झाली. एरवी तिथे खेळाडूंचे मोजे वाळत असतात. कंपनीकडून आलेली बाई तिशीची असेल. तिने आधी सगळ्यांना खुर्च्या मिळाल्या का ते बघितलं, आजोबांना पाय लांब करता येईल अशी जागा करून दिली, आणि मग लॅपटॉप उघडला. माझ्याच प्रकारची बाई, असं मला वाटलं. तिच्या तक्त्यांना शीर्षकं होती आणि अक्षांवर एककं लिहिलेली होती.

“हे मैदान ठेवायचं की नाही, हे आम्ही आकड्यांवर ठरवणार आहोत,” ती म्हणाली. “मागच्या तीन हंगामांत इथल्या सामन्यांना सरासरी चार हजार प्रेक्षक आले असतील, तर क्लब इथेच खेळेल आणि मैदानाची पूर्ण दुरुस्ती आम्ही करू. कमी असतील तर पुढच्या हंगामापासून संघ मोठ्या शहरातल्या स्टेडियमवर खेळेल. नाव तेच राहील, रंग तोच.”

मोठं शहर बावन्न किलोमीटरवर आहे.

न्हावीकाकांनी टाळ्याच वाजवल्या. “चार हजार? अहो मॅडम, चार हजार तर आमच्याकडे नुसते शिव्या घालायला येतात!”

खोलीत एकदम मोकळं वाटलं. कोणीतरी शिट्टी मारली. ब्रेकसुद्धा खुर्चीत मागे रेलला. त्या बाईने हसू संपेपर्यंत वाट बघितली.

“सत्तावन्न सामने,” ती म्हणाली. “सरासरी तीन हजार सातशे बारा.”

आधी कोणालाच कळलं नाही की हा तोच आकडा आहे.

“कुठून काढलात हा?” ब्रेक उठून उभा राहिला.

तिने पिशवीतून तीन वह्या काढल्या. निळ्या पुठ्ठ्याच्या. “दारावरच्या नोंदींतून. आम्ही बऱ्याच क्लबांच्या नोंदी तपासल्यात. इतक्या प्रामाणिक नोंदी कुठेच नव्हत्या.” तिने बाबांकडे बघितलं. “काका, तुमच्याच ना?” आणि ती मनापासून हसली.

बाबा हो म्हणाले. त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही, पण माना त्यांच्याकडे वळल्या.

घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. आई इस्त्री करत होती. मी टेबलाशी बसून चार हजारांतून तीन हजार सातशे बारा वजा केले. दोनशे अठ्ठ्याऐंशी. मग विचारलं, “बाबा, लहान दारातून जातात ती माणसं वहीत कुठे असतात?”

“कुठे असणार? रहाटातून येत नाहीत ती.”

“म्हणजे धरलीच नाहीत?”

“न फिरलेला आकडा कसा लिहू मी?”

आईने इस्त्री उभी केली. “हे दार तुझ्यामुळे उघडलं, माहितीये का? सातवा महिना होता मला. पोट रहाटात बसेना. मी म्हटलं, राहू दे, मी जाते घरी. तर याने सामानाचं ते दार उघडलं, म्हणे इथून ये. आणि आत गेल्यावर हरलेच ते.” ती पुन्हा इस्त्री करू लागली. “मालक बदलला काय न बदलला काय, गोल तुम्ही खाणारच.”

नेहमी बाबा यावर काहीतरी बोलतात. आज त्यांनी समोरचं ताट बाजूला सरकवलं.

माझ्यानंतर ते दार बंद झालंच नाही. एका बाईच्या पोटासाठी उघडलं, मग कोणाच्या कुबडीसाठी, मग कडेवरच्या मुलासाठी, मग ढोलांसाठी. सगळ्यांकडे वर्षाचे पास होते. फुकट कोणी जात नव्हतं. बाबा पास बघायचे, गुडघ्याची चौकशी करायचे आणि कडी काढायचे. सव्वीस वर्षं ती माणसं आत बसून ओरडत होती आणि वहीत नव्हती.

“किती असतील?” मी विचारलं.

“मोजली नाहीत. पण सांगू शकतो.”

मी कागद घेतला. बाबा डोळे मिटून दारापाशी उभे असल्यासारखे सांगत गेले: पिठाच्या गिरणीवाला, उजवी कंबर, त्याची बहीण, बेकरीतल्या जुळ्या पोरांची आई, कालव्यापलीकडचा, ज्याला यंत्रात हात गेल्यापासून दांडा ढकलता येत नाही. एक तास दहा मिनिटांनी ते थांबले. तीनशे एक्केचाळीस नावं झाली होती. दोनशे अठ्ठ्याऐंशीपेक्षा त्रेपन्न जास्त. आईने ताट पुन्हा वाढलं आणि बाबा जेवले.

जेवताना त्यांनी विचारलं, “म्हणजे चूक माझी का?”

मी समजावायला गेले. चुका दोन प्रकारच्या असतात, एक कधी इकडे कधी तिकडे जाते, दुसरी रोज एकाच बाजूला जाते. काटा रोज दहा ग्रॅम कमी दाखवत असेल तर तो खोटं बोलत नसतो, त्याला रोज तेवढंच कमी दिसत असतं.

“हं,” बाबा म्हणाले. “म्हणजे मी तसा काटा.”

ते उदाहरण मी द्यायला नको होतं.

इथले तीन सामने उरले होते. कंपनीने कळवलं की काही पुरावा असेल तर शेवटच्या सामन्याआधी द्या. दुसऱ्या दिवशी न्हावीकाका स्वतः घरी आले. त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत, उंबऱ्यातूनच म्हणाले, “दारवाले, सोपं आहे. या वर्षाची वही अजून तुमच्याकडेच आहे ना? बाजूला एक रकाना आखा, लहान दार म्हणून. प्रत्येक सामन्याला तीनशे भरा, त्यावरून मागच्या वर्षांचंही मानतील. अक्षर तुमचंच, शाई तुमचीच.”

“आज भरू? होऊन गेलेल्या सामन्यांचे आकडे?”

“खरी तर होती ना ती माणसं?”

“होती.”

“मग खोटं काय त्यात?”

बाबांनी वही मिटून ठेवली. “त्या दिवशी नाही लिहिलं ना मी,” एवढंच म्हणाले.

न्हावीकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “काका, मी मोजते. व्यवस्थित.”

प्रयोगशाळेतून मी हातात धरायचं मोजणी यंत्र आणलं, अंगठ्याने दाबलं की टक असा आवाज करणारं. पहिल्या सामन्याला मी लहान दाराच्या आत भिंतीला टेकून उभी राहिले. काठी किंवा गुडघ्याचा त्रास असलेले एकशे बेचाळीस. कडेवर मूल असलेले आईबाप, मुलं न धरता, एकशे अठरा. पोटुशा बायका नऊ. चाकाच्या खुर्च्या आणि त्या ढकलणारे चौदा. ढोलवाले सोळा. आणि तीस जण असे की त्यांना या दाराची गरज का, ते मला कळलं नाही. एकूण तीनशे एकोणतीस.

त्या तिसांबद्दल मी बाबांना विचारलं.

“काहींना गर्दीत गुदमरतं,” ते म्हणाले. “तो टोपीवाला बघितलास? त्याच्या बायकोला दम होता, म्हणून दोघं इथून यायचे. ती गेली. तो अजून इथूनच येतो.”

दुसऱ्या सामन्याला तीनशे एक आले. सरासरी तीनशे पंधरा. तीन हजार सातशे बारात मिळवले की चार हजार सत्तावीस.

अहवाल लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. आकडा काढायला पाच मिनिटं पुरली होती. बाकीचा वेळ त्याच्या पुढच्या अधिक-उण्यासाठी, म्हणजे आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ते काढण्यासाठी गेला. दोन सामन्यांवरून सत्तावन्न सामन्यांचं सांगायचं होतं. शिवाय एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. तीन वर्षांपूर्वी यातल्या काहींचे गुडघे चांगले होते. ते तेव्हा रहाटातूनच जात होते, म्हणजे वहीत आधीच होते. उलट, तेव्हा लहान दारातून येणारे काही जण आता हयात नव्हते. मी बाबांची यादी घेऊन दारोदार गेले आणि प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कधीपासून लहान दारातून येता. टपालआजोबांनी तारीख सांगितली. त्या दिवशी संघ चार-शून्यने हरला होता, म्हणून त्यांच्या लक्षात होती. गिरणीवाल्याची बहीण म्हणाली, “माझं लिही, पण भावाचं आधीपासूनचं लिही. आणि हे बघ, आमच्या आईचंही लिही. दोन वर्षं यायची ती. आता नाहीये, पण यायची.” मी लिहिलं.

शेवटी दोन्हींची फिटंफाट झाली आणि आकडा असा निघाला: चार हजार सत्तावीस, अधिक-उणे सत्तर.

न्हावीकाकांनी तो कागद दुकानात आरशाला टेकवून वाचला. “पोरी, हे शेपूट कशाला?”

“कोणतं?”

“हे अधिक-उणे. काढून टाक.”

“काढलं तर आकड्याला अर्थ राहत नाही, काका.”

“अर्थ गेला खड्ड्यात! आम्हाला मैदान हवंय.” मग ते जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, “बघ, तुझं शिक्षण मला मान्य आहे. पण ही काही परीक्षा नाही. चार हजार सत्तावीस लिही आणि खाली सही कर. कोण विचारतंय?”

बाकावर ब्रेक होता, टपालआजोबा होते. बाबा दाराशी उभे होते; ते बाहेर रस्त्याकडे बघू लागले. मला वाटतं, त्यांनी काही सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. मी कागद आहे तसा दिला.

तीन दिवसांनी त्या बाईने मला बोलावलं. मोज्यांच्या त्याच खोलीत. समोर माझा अहवाल, कडेला पेन्सिलीच्या खुणा.

“मी तीनदा वाचला,” ती म्हणाली. “फार चांगलं काम आहे.”

“मग?”

“तुमच्याच हिशेबाने खरा आकडा तीन हजार नऊशे सत्तावन्न असू शकतो.”

“आणि चार हजार सत्त्याण्णवही असू शकतो.”

“हो. पण नोंद एकच आहे. बाकीचा अंदाज आहे. प्रामाणिक आहे, तरी अंदाजच. पासांच्या नोंदीही मी बघितल्या; पास घेतला म्हणजे माणूस आलाच असं नाही.” तिने पेन्सिल खाली ठेवली. “तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?”

त्याच आठवड्यात मी एका कारखान्याचा वजनकाटा नापास केला होता. त्यांचा माणूस विनवण्या करत होता, फरक किती आहे ते मला माहीत आहे ताई, मी मनात मिळवून घेतो. मी त्याला म्हणाले होते, मनातलं आम्ही नोंदवत नाही.

“काका कसे आहेत?” तिने विचारलं.

“बरे आहेत,” मी म्हणाले.

निर्णयाचा कागद शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी रहाट क्रमांक एकच्या शेजारी चिकटवला गेला. सात ओळी. दुसऱ्या ओळीत मोठ्या शहरातलं स्टेडियम होतं, चौथ्या ओळीत बाबांच्या नोंदवहीचा उल्लेख, आभारासह.

त्या संध्याकाळी बाबा केस कापायला गेले. वीस वर्षं ते शेवटच्या सामन्याआधी केस कापतात. एक खुर्ची रिकामी होती. न्हावीकाका म्हणाले, “आज वेळ नाही.” बाबा वळले, तेव्हा मागून त्यांनी म्हटलं, बाबांना नाही, आरशाला म्हटल्यासारखं, “बापाने दार उघडलं, लेकीने लावलं.”

मी पायरीवर होते, मला ऐकू आलं. ब्रेक बाकावरून म्हणाला, “गप रे.” आशा धरणाऱ्याला थांबवणारा तो, पण त्या दिवशी आशा धरणारं कोणी नव्हतं. बाबा आणि मी घरी आलो. आईने बाबांच्या मानेवरचे वाढलेले केस घरच्या कात्रीने सरळ केले.

शेवटच्या सामन्याला बाबांनी नेहमीसारखं तेल घातलं, आकडे उतरवले आणि लहान दाराची कडी काढून ठेवली. मी मोजणी यंत्र घेऊन गेले होते. का ते मला सांगता येणार नाही, सवयीने.

पहिले टपालआजोबा आले. उघड्या दारावरून ते पुढे गेले आणि रहाट क्रमांक चारच्या रांगेत उभे राहिले.

“आजोबा, इकडे,” बाबा म्हणाले.

“नाही. आज इथून.”

“अहो गुडघा अडकेल.”

“आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले दारवाले. आज माझ्यावर मार एक.”

ते दांड्याशी आले आणि अडकले. डावा पाय मागेच राहिला, काठी दांड्यात आडवी झाली. मागच्या माणसाने काठी सोडवून घेतली, बाबांनी त्यांना काखेत धरून तिरकं केलं, आणि खांब पाव फेरा फिरला. एक मिनिट दहा सेकंद लागले. आजोबा पलीकडून काचेत वाकून बघत म्हणाले, “फिरला का?”

“फिरला.”

काठी सोडवून देणारा माणूस न्हावीकाका होते. ते बाबांशी बोलले नाहीत. काठी आजोबांच्या हातात दिली आणि मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. लहान दारासमोर कोणीच नव्हतं. गिरणीवाला, त्याची बहीण, जुळ्यांची आई, ढोलवाले, टोपीवाला, सगळे क्रमांक चारच्या रांगेत होते. चाकाच्या खुर्च्याही.

बाबांनी रांग एकदा शेवटपर्यंत बघितली. मग त्यांनी खिशातून पाना काढला आणि रांगेला थांबायला सांगितलं. ते रहाट चारपाशी गुडघ्यांवर बसले आणि दांड्यांचे बोल्ट सोडवू लागले. एका दांड्याला चार बोल्ट. तीन दांडे काढून त्यांनी भिंतीला टेकवून ठेवले, एक राहू दिला. मी फीत लावली: खांब आणि कठडा यांच्यात चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. खुर्ची जाईल इतकी. माणूस आत गेला की बाबा उरलेला दांडा हाताने पाव फेरा फिरवायचे आणि आकडा एकाने वाढायचा. एक माणूस, एक आकडा. कुठेही काही खोटं नाही.

या सगळ्याला अकरा मिनिटं लागली.

बाबांनी पाना रुमालात गुंडाळला. हातांना काळं तेल होतं. “बारा बोल्टांचं काम होतं,” ते मला म्हणाले. पुन्हा थोड्या वेळाने, दांडा फिरवता फिरवता, “बारा बोल्ट.”

ते दांडा फिरवत राहिले. खेळ सुरू झाल्याची शिट्टी वाजली तेव्हा रांगेत शंभराच्या वर माणसं होती. आतून एकदा मोठा ओरडा आला. गोल कोणी केला ते बाहेर कळायला मार्ग नव्हता. ब्रेक टाचा उंचावून भिंतीपलीकडे बघण्याचा प्रयत्न करत होता. त्याचे गुडघे शाबूत आहेत, तो केव्हाच दुसऱ्या रहाटातून आत जाऊ शकला असता. पण त्याने कोणाची तरी खुर्ची ढकलायला घेतली होती.

“आपलाच असेल,” खुर्चीतली बाई म्हणाली.

“आपला असता तर एवढा ओरडा झाला नसता, लोक आश्चर्याने गप्प बसले असते,” ब्रेक म्हणाला. ती हसली आणि मग तिने डोळ्यांना पदर लावला.

शेवटचा माणूस एकतिसाव्या मिनिटाला आत गेला. तो टोपीवाला होता. त्याच्यासाठी बाबांनी दांडा पाव फेरा फिरवला. तो क्षणभर तिथेच थांबला, आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे त्याने एकदा बघितलं, आणि आत गेला. बाबांचा हात दांड्यावर होता. तो हलला नाही.

“तुम्हीपण एकदा फिरा की, दारवाले,” आतून न्हावीकाकांचा आवाज आला. आदल्या दिवसानंतर त्यांचं बाबांशी बोललेलं ते पहिलं वाक्य. “एकाने वाढेल.”

“कर्मचारी मोजत नाहीत,” बाबा म्हणाले.

त्यांनी हात पुसले, वही काढली, आणि पट्टीने एक नवा रकाना आखला. मी एकेका काचेमागचा आकडा वाचत गेले, ते वजा करून लिहीत गेले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: ‘रहाट चारचे तीन दांडे काढले.’ मग बाकीच्या नोंदी:

रहाट एक: ११०२. रहाट दोन: ११८७. रहाट तीन: ११२१. रहाट चार: ६३४. लहान दार: ०. एकूण: ४०४४.